शर्यत सुरू झाल्याची वेळ

वहिदा शेख मुदखेडच्या कॉलेजात अकरा वर्षं क्रीडा संचालक होती. नांदेडहून सकाळच्या पॅसेंजरने यायची, संध्याकाळी परत जायची. कॉलेजचं मैदान काळ्या मातीचं, पावसाळ्यात तीन महिने त्यावर पाय ठेवता यायचा नाही. म्हणून तिच्या मुली रेल्वेच्या कडेकडेने जाणाऱ्या मुरमाच्या रस्त्यावर धावायच्या. त्यातलीच एक जेबा. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती, अंगाने बारीक, बोलायला कमी आणि लांब पल्ल्याला पक्की.

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांतल्या चौतीस कॉलेजांचं मिळून एक क्रीडा मंडळ होतं. कोणती स्पर्धा कुणाच्या मैदानावर, पंच कोण, निवड समितीत कोण, हे दर जूनच्या बैठकीत ठरायचं. खरं तर ते बैठकीच्या आधीच भागवत सरांच्या केबिनमध्ये ठरलेलं असायचं. भागवत सर लातूरच्या एका मोठ्या कॉलेजचे क्रीडा संचालक आणि सोळा वर्षं मंडळाचे सचिव. माणूस वाईट नव्हता. कुणाच्या मुलीचं लग्न असो की कुणाची बदली, सर धावून जायचे. पण मंडळ म्हणजे आपलं घर आणि चौतीस कॉलेजं म्हणजे आपली भावकी, असं त्यांच्या डोक्यात बसलेलं होतं.

त्या वर्षी क्रॉस कंट्री मुरुडजवळच्या करंजवाडीच्या कॉलेजला दिली. कॉलेज नवं, मंडळात येऊन दोनच वर्षं झालेली. त्यांच्या संस्थाध्यक्षांना काहीतरी मोठं करून दाखवायचं होतं. मुलींची दहा किलोमीटर सकाळी साडेसहाला, मुलांची आठला, असं पत्रक निघालं. ऑक्टोबरचा तिसरा आठवडा. मुख्य टाइमकीपर म्हणून वहिदाची नेमणूक झाली.

सकाळी सहाला एकसष्ट मुली छातीला नंबर लावून तयार होत्या. उसाच्या फडांमधून जाणाऱ्या गाडीवाटेवर चुन्याच्या फक्कीच्या खुणा मारल्या होत्या. प्राथमिक आरोग्य केंद्राची ॲम्ब्युलन्सही येऊन उभी होती. मंडप घातलेला, त्यात खुर्च्या, सोफा. फक्त संस्थाध्यक्ष नव्हते आणि त्यांच्याशिवाय झेंडी दाखवायची नाही, असं प्राचार्यांनी बजावलं होतं.

सात वाजले. आठ वाजले. मुलींनी तीनदा वॉर्मअप करून सोडून दिला. कुणी झाडाखाली बसली, कुणी बिस्किटं खाल्ली. नऊच्या सुमाराला शेजारच्या तांड्यावरून बाळंतपणाचा फोन आला आणि ॲम्ब्युलन्स निघून गेली. दुसरी मागवा, असं कुणी म्हटलं नाही. वहिदाच्याही ते लक्षात आलं नाही.

दहा वाजता ती भागवत सरांकडे गेली.

"सर, ऊन लई चढलंय. आज मुलींची नको. उद्या पहाटे घेऊ."

"मॅडम, पोरी कुठून कुठून आल्यात. राहायची सोय कुणी केलीय? निघालेत साहेब. मुरुड सोडलंय. पाच मिनिटं."

वहिदाने पुढे काही म्हटलं नाही. यामागे एक कारण होतं आणि ते तिला नंतर पुष्कळ दिवस टोचत राहिलं. जेबाचं हे शेवटचं वर्ष होतं. पहिल्या सहांत आली तर विद्यापीठाच्या संघात निवड होणार होती आणि त्या सर्टिफिकेटवर खेळाडूंच्या कोट्यातून पोलीस भरतीचा रस्ता उघडणार होता. जेबा त्या दिवशी फॉर्मात होती. शर्यत व्हावी, असं वहिदालाही वाटत होतं.

संस्थाध्यक्ष साडेदहाला आले. हार झाले, नारळ फुटला, दोन भाषणं झाली. झेंडी खाली आली तेव्हा वहिदाने घड्याळाचं बटण दाबलं आणि शीटवर लिहिलं: सुरुवात १०.५२.

सातव्या किलोमीटरला औशाच्या कॉलेजची सृष्टी सगळ्यांच्या पुढे होती. किल्लारीची पोरगी, एकोणीस वर्षांची. तिच्या मागे साधारण चाळीस पावलांवर जेबा. जेबाने नंतर सांगितलं, की सृष्टी आधी वाटेच्या या कडेवरून त्या कडेला जायला लागली, मग उसाकडे वळली, जणू रस्ता तिकडूनच आहे. जेबाने हाक मारली. सृष्टीने वळून पाहिलं, पण ओळखल्यासारखं नाही. मग ती सरीत आडवी पडली.

जेबा थांबली. मागच्या मुली एकेक करून पुढे गेल्या. एकीने विचारलं, "काय झालं गं?" आणि उत्तर ऐकायच्या आधीच ती निघून गेली. जेबाने सृष्टीचं डोकं मांडीवर घेतलं. अंग तव्यासारखं तापलेलं आणि घाम अजिबात नव्हता. वळणावर रस्ता दाखवायला उभ्या असलेल्या मुलीकडे फोन होता. बऱ्याच वेळाने रेंज मिळाली, तेव्हा तिने मंडपात कळवलं.

मंडपाच्या मागे संस्थाध्यक्षांची गाडी सावलीत चालू होती. आत ड्रायव्हर बसलेला. घड्याळ आणि शीट दुसऱ्या टाइमकीपरच्या हातात देऊन वहिदा धावत गेली.

"एक पोरगी पडलीय. चला, लातूरला न्यायचंय."

"साहेबांना विचारा, मॅडम."

साहेब जेवायला प्राचार्यांच्या घरी गेले होते. भागवत सरांनी फोन हातात घेतला, नंबर काढला आणि क्षणभर तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "नको. दुसरं काहीतरी बघू." दुसरं काहीतरी म्हणजे खताची पोती टाकून आलेला एक टेम्पो. तो रिकामा करून वळवून आणेपर्यंत पस्तीस मिनिटं गेली. मागच्या फळ्यांवर वहिदा सृष्टीला धरून बसली आणि तिच्या अंगावर बाटल्यांनी पाणी ओतत राहिली. जेबाने वहिदाच्या ओढणीने वारा घातला. मुरुडच्या पुढे सृष्टीला झटके यायला लागले.

लातूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तीन तास प्रयत्न केले. चार वाजून दहा मिनिटांनी ते बाहेर आले. सृष्टीचा बाप मल्लेश किल्लारी-लातूर जीप चालवायचा. पॅसेंजर अर्ध्या वाटेत उतरवून तो तसाच आला होता. कुणी काही सांगायच्या आधी त्याने डॉक्टरांचे हात धरले आणि सोडलेच नाहीत.

करंजवाडीला मुलांची शर्यत त्याच संध्याकाळी पाच वाजता झाली. निवडीची यादी विद्यापीठाला पाठवायची होती.

तीन दिवसांनी लातूरला मंडळाची तातडीची बैठक भरली. बावीस कॉलेजांचे क्रीडा संचालक आले. दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहिली. मग पोहे आले. पोह्यांनंतर भागवत सर बोलले.

"चौकशी लागलीय. सरकारची, त्रिसदस्यीय समिती. आपल्या पत्रकात साडेसहा छापलंय. शीटवर दहा बावन्न गेलं, तर मंडळच राहत न्हाई. बरखास्त. डिसेंबरात मैदानी स्पर्धा, जानेवारीत कबड्डी, खो-खो, सगळं बंद. चौतीस कॉलेजांची दोन हजार पोरं घरी बसतील. त्यातली निम्मी या सर्टिफिकेटवर भरतीला जाणार हायत. एक पोरगी गेली. वाईट झालं. मला रात्री डोळ्याला डोळा लागत न्हाई. पण गेलेली परत येणार हाय का?"

देगलूरचे मास्तर मान खाली घालून टेबलावरचा पोह्याचा दाणा बोटाने इकडून तिकडे करत होते. भागवत सरांनी एक कोरी शीट वहिदाकडे सरकवली.

"मॅडम, तुमच्या हातची पाहिजे. सहा चाळीस लिहा. बाकीच्या वेळा तशाच धरून उतरवा. जुनी फाडून टाका."

"सर, सगळ्या गावाने बघितलंय."

"गाव लेखी देणार हाय का? प्राचार्यांचं लेखी आलंय, सहा चाळीस. सरपंचाचं आलंय. तुमच्या जेबाचा डिसेंबर हाय ना? दहा हजार मीटर?"

हे त्यांनी धमकीच्या सुरात म्हटलं नाही, काळजीनेच म्हटलं. त्यामुळे वहिदाला नाही म्हणणं जास्त जड गेलं. तिने लिहिलं. एकसष्ट नंबर, एकावन्न जणींच्या वेळा, दहा जणींपुढे 'शर्यत सोडली', आणि वर सुरुवात ६.४०. जुनी शीट तिने फाडली नाही. घडी घालून पर्समध्ये ठेवली. का ठेवली, ते त्या वेळी तिलाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी भागवत सर, करंजवाडीचे प्राचार्य आणि वहिदा किल्लारीला गेले. भूकंपानंतर वसवलेल्या गावात रस्ते सरळ, घरं एकासारखी एक. सृष्टीचं घर विचारावं लागलं नाही. दारात बायका बसल्या होत्या. प्राचार्यांनी फ्रेम केलेलं एक मानपत्र मल्लेशच्या हातात दिलं. त्याने ते उलटं धरलं आणि तसंच मांडीवर ठेवून घेतलं.

सृष्टीची आई उज्वला भिंतीला टेकून बसली होती. तिने विचारलं, "किती वाजता पळाली माझी पोरगी?"

"सकाळीच, ताई," भागवत सर म्हणाले. "साडेसहाच्या पुढं. ऊन न्हवतं. आतून काहीतरी असणार, हृदयाचं. आधी समजत न्हाई."

उज्वलाने वहिदाकडे पाहिलं. "तुम्ही होतात नव्हं तिथं?"

"होते."

"साडेसहालाच?"

"हो," वहिदा म्हणाली.

उज्वला उठून आत गेली. चहा आला. सगळ्यांनी घेतला. निघताना ती वहिदाच्या मागे अंगणापर्यंत आली, बाकीचे गाडीत बसेपर्यंत थांबली आणि हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, साडेनऊला तिचा फोन आला होता. अजून सुरूच झालं न्हाई म्हणली. ऊन लई हाय, डोकं दुखायलंय म्हणली. परत येऊ का, म्हणून विचारली. मीच म्हणले, एवढं गेलीस तर पळून ये." ती थांबली. "तुम्ही बाईमाणूस. तुम्ही खोटं कशाला बोलायलाव?"

गाडीचा हॉर्न वाजला. वहिदा गाडीत जाऊन बसली. लातूर येईपर्यंत भागवत सर रस्त्याच्या कामाबद्दल बोलत होते.

नांदेडला घरी तिचे अब्बा खाजामियाँ मशीनवर बसले होते. चाळीस वर्षं त्यांनी शाळा-कॉलेजांच्या संघांचे ड्रेस शिवले होते. आता डोळ्यांमुळे थोडंच काम घ्यायचे. वहिदाने त्यांना सगळं सांगितलं. शेवटी तिने दोन्ही गोष्टी सांगितल्या, पर्समधली शीट आणि समितीकडे गेलेली शीट.

"सच बोलना है तो बोल," ते म्हणाले. "लेकिन दोनो कागज तेरेच हाथ के हैं, बेटा. वो लोगां पहले वोइच पकडते."

तिने तीन पानी जबाब लिहिला. पत्रकातली वेळ, प्रत्यक्ष वेळ, ॲम्ब्युलन्स, गाडी, टेम्पो, बैठक. स्वतः खोटी शीट लिहिली, हेही लिहिलं. खाली सही केली, मूळ शीट जोडली आणि समितीसमोर जाऊन स्वतःच्या हाताने दिलं. समितीच्या अध्यक्षांनी चष्मा लावून दोन्ही शीट शेजारी शेजारी ठेवल्या.

"यातली खरी कोणती, मॅडम?"

"ही. दहा बावन्नची."

"आणि ही कुणाची सही?"

"माझीच."

"म्हणजे एकदा तुम्ही शासकीय चौकशीत खोटं लिहून दिलं. आता खरं लिहून देताय, हे आम्ही कशावरून मानायचं?"

वहिदाने उज्वलाच्या फोनचं सांगितलं. कॉलचा रेकॉर्ड काढता येईल म्हणाली. अध्यक्षांनी ते लिहून घेतलं. जेबाला साक्षीला बोलावलं का, असं तिने विचारलं. खेळाडूंना त्रास द्यायचा नाही असं ठरलंय, असं उत्तर मिळालं.

अहवाल पाच आठवड्यांनी आला. मृत्यू उष्माघाताने झाला, हे शवविच्छेदनात होतं, म्हणून ते त्यांना लिहावंच लागलं. पण शर्यत सुरू होण्याच्या वेळेबाबत 'मुख्य टाइमकीपरने परस्परविरोधी नोंदी केल्याने निष्कर्ष काढता येत नाही' असं म्हटलं होतं. प्राचार्य आणि सरपंच यांच्या निवेदनांत मात्र एकवाक्यता आढळली होती. मृत मुलीने फोनवर आईला नेमकं काय सांगितलं, याला पुरावा नव्हता. नोंदींतील गंभीर अनियमिततेबद्दल टाइमकीपरवर कारवाई व्हावी, अशी शिफारस होती. मंडळाने लगेच ठराव घेतला. वहिदा शेख यांना कायमचं पंच-यादीतून वगळलं आणि मुदखेडच्या कॉलेजचं सदस्यत्व दोन वर्षं स्थगित केलं. एकवीस हात वर झाले. देगलूरच्या मास्तरांचाही. नंतर त्यांनी फोन करून माफी मागितली.

मुदखेडच्या प्राचार्यांनी तिला बोलावलं. "तुम्ही खरं बोललात, हे मला माहीत आहे," ते म्हणाले. "पण माझ्या दोनशे पोरांचा खेळ बुडवलात." दुसऱ्या दिवसापासून तिला परीक्षा विभागात बसवलं. खोलीच्या खिडकीतून मुरमाचा रस्ता दिसायचा. तिथे आता सकाळी कुणी येत नव्हतं.

एका रविवारी ती एकटीच बसने किल्लारीला गेली. उज्वला अंगणात तूर निवडत होती. वहिदाला पाहून ती उठली नाही, बसाही म्हणाली नाही. वहिदा उभ्यानेच बोलली.

"दहा बावन्नला सुरू झाली होती. मी त्या दिवशी खोटं बोलले. नंतर लेखी दिलं, पण कुणी मानलं नाही. माझ्या त्या पहिल्या कागदामुळे मानलं नाही."

उज्वलाचे हात सुपावर थांबले. "आता सांगून काय होणार?"

"काही नाही."

मग उज्वलाने घराकडे तोंड करून हाक मारली, "अवो, इकडं या." मल्लेश बाहेर आला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. उज्वला वहिदाला म्हणाली, "परत सांगा. ह्यांच्यासमोर सांगा. किती वाजता सुरू झालं, गाडी कुणी दिली न्हाई, सगळं सांगा. मी पळ म्हणले, एवढंच ह्यांना माहीत हाय. दीड महिना झाला, माझ्या हातचं पाणी घेत न्हाईत."

वहिदाने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. या वेळी काहीच वगळलं नाही. जेबासाठी आपल्यालाही शर्यत हवी होती, हेही सांगितलं. मल्लेश जमिनीकडे पाहत ऐकत होता. पस्तीस मिनिटांचं आलं तेव्हा त्याने मान वर केली.

"ती गाडी चालू होती?"

"हो."

"एसी लावून?"

"हो."

तो अंगणाबाहेर गेला आणि दारातल्या जीपमध्ये बसला. चावी फिरवली नाही, नुसता बसून राहिला. उज्वलाने सूप खाली ठेवलं, आतून तांब्या भरून आणला आणि वहिदाजवळून पुढे होऊन जीपपाशी गेली. मल्लेशने तो घेतला की नाही, ते वहिदाने पाहिलं नाही. ती बसथांब्याकडे चालू लागली होती.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात जेबा परीक्षा विभागात आली. हातात फॉर्म होता. लातूरच्या कॉलेजात प्रवेश मिळत होता, भागवत सरांच्याच. वर्षाच्या मध्ये प्रवेश देण्याची सोय त्यांनी स्वतः विद्यापीठात बोलून करून घेतली होती. त्यासाठी मुदखेडच्या क्रीडा संचालकांचं ना हरकत पत्र लागत होतं. कागदोपत्री ते पद अजून वहिदाकडेच होतं.

"मॅडम, तुम्ही नको म्हणलात तर मी जाणार न्हाई," जेबा म्हणाली.

"घरचे काय म्हणतात?"

"अम्मी म्हणती, हे शेवटचं वर्ष हाय, पळायचं राहू नये."

वहिदाने फॉर्म वाचला, सही केली, शिक्का मारला. फॉर्म हातात घेऊनही जेबा तिथेच उभी राहिली.

"एक विचारू? त्या दिवशी मी थांबले. नसते थांबले तर पहिल्या सहांत आले असते. शेवटच्या लाइनीवर तुम्ही उभ्या होतात. मी दिसले न्हाई तेव्हा तुम्हाला राग आला होता का?"

वहिदाला ती सकाळ आठवली. एकामागून एक मुली उसातून बाहेर येत होत्या. चार, पाच, सहा. ती प्रत्येकीची वेळ लिहीत होती आणि प्रत्येक नंबरला तिच्या मनात एकच येत होतं, ही कुठं मेली. नंतर फोन आला होता.

"आला होता," ती म्हणाली. "फोन येईपर्यंत आला होता."

जेबाने मान हलवली. तिला वाईट वाटलं की बरं वाटलं, ते चेहऱ्यावर दिसलं नाही. तिने फॉर्म फाइलमध्ये घातला, सलाम केला आणि स्टेशनकडे निघाली. वहिदाने टेबलावरचा उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पुढे ओढला आणि त्यांवर नंबर टाकायला सुरुवात केली.